मोठ्या फेरीचे धर्मादादा

धर्मादादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी अजून माघ लागला आणि खोपोलीहून खालापूरकडे जायची वेळ आली, की मी एस.टी.त नदीकडच्या खिडकीशी बसत नाही. कुंभिवली मागे पडेपर्यंत मान आत वळवून बसतो. शेजारचा विचारतो, "ऊन लागतंय का?" मी म्हणतो, "हो, ऊन." परक्या माणसाला दुसरं काय सांगायचं? त्या बाजूला खाचरं आहेत, खाचरांच्या टोकाला ओहोळ आहे, आणि ओहोळाच्या वळणावर एक म्हातारा हात वर करून उभा दिसेल अशी मला धास्ती वाटते, असं सांगितलं तर बिचारा उठून दुसरीकडे बसेल.

मी खोपोलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवणं, इंजेक्शनच्या सुया उकळणं आणि डॉक्टर रागावले की ऐकून घेणं, ही माझी कामं. त्यात सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला आणखी एक काम वाढलं. दर वर्षी माघात धर्मादादांच्या गावाला गाड्यांची शर्यत असायची, आणि डॉक्टर स्वतः न जाता मला औषधाची पेटी देऊन पाठवायचे. मला मोटारीत बसलं की मळमळतं. घाट तर मी डोळे मिटूनच चढतो. अशा माणसाला शर्यतीला पाठवायचं, यात डॉक्टरांना काय गंमत वाटायची कोण जाणे.

शर्यत बैलांची नव्हे, जीपगाड्यांची. लढाईनंतर मिलिटरीने लिलावात काढलेल्या जीपा आमच्या बाजूला पुष्कळ आल्या होत्या. कुणी लाकडाचा ठेकेदार, कुणी ट्रकवाला, कुणी दोन भावांनी मिळून घेतलेली. त्यांचे पत्रे सडले, हूड गेले, पण इंजिनं काही मरेनात. भात कापून झालं, खाचरं वाळली, की या गाड्या शेतातून पळवायची टूम निघाली, आणि तिचे बाप म्हणजे धर्मादादा. तीन फेऱ्या असत. लहान फेरी माळावरच्या माळावर. मधली फेरी खाचरांतून जाऊन परत. आणि मोठी फेरी माळ, खाचरं, ओहोळ, पलीकडचा चढ आणि पुन्हा ओहोळाच्या काठाने उतरून गावापर्यंत. मोठ्या फेरीत पाच-सहाच गाड्या असायच्या. तिच्यात नाव लागलं की तो माणूस वर्षभर कॉलर ताठ करून फिरायचा.

धर्मादादा पन्नास-पंचावन्न सालात बोरघाटातून ट्रक चालवायचे. पुढे वडलांची शेती अंगावर आली आणि त्यांनी ट्रक सोडला, पण ट्रकने त्यांना सोडलं नाही. इंजिनाकडचा कान गेला होता, त्यामुळे ते कायम मान एका बाजूला वळवून ऐकायचे आणि नव्या माणसाला वाटायचं, आपलं बोलणं यांना पटत नाहीये. दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसले की उजवा पाय आपोआप खाली दाबायचे. आमच्या डॉक्टरांच्या फियाटमध्ये त्यांनी एकदा खोपोली ते कर्जत असा पाय दाबला की डॉक्टर म्हणाले, "धर्माजी, तिथं ब्रेक नाही हो." दादा म्हणाले, "ठावं हाय डाक्टर. पन तुमचा तुमी लावत नाय, मंग कुनीतरी लावाया पायजे ना?"

अंगाने वाळलेले, डोक्याला पांढरी टोपी, आखूड बाह्यांचा सदरा, खाली चड्डी. बांधावरून चालताना दर दहा-बारा पावलांवर टाच आपटून बघायची सवय. बांध पोकळ वाजला की थांबायचे. आणि काहीही सांगायला जा, पहिला प्रश्न ठरलेला, "कुनाचं?" गुरं शेतात शिरली म्हणावं, तर "कुनाची?" मुलगा पडला म्हणावं, तर "कुनाचा?" मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, आधी काय झालं ते तरी विचारा." तर म्हणाले, "कंपाउंडर, कुनाचं ते कळल्याबिगर काय झालं ते कसं कळंल रं?"

या सवयीतूनच त्यांचा नेम निघाला होता. पहिल्या वर्षीच्या शर्यतीत गाड्यांनी बरेच बांध फोडले. रात्रीचं जेवण झालं, बक्षिसं वाटली, सगळे घरी गेले. सकाळी दादा एकटे फावडं-घमेलं घेऊन शेतात. ओहोळाचं पाणी आणायचं, ढेकळं भिजवायची, चिखल थापायचा. ज्याचा बांध त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं: गाडी ज्याने चालवली त्याने दुसऱ्या दिवशी बांधावर यायचं. आणि मोठ्या फेरीत नाव घालायचं असेल, तर आधी तीन वर्षं स्वतःच्या हाताने बांध घातलेला पाहिजे. शर्यतीच्या आदल्या दिवशी दादा सगळ्यांना पायी फिरवायचे आणि प्रत्येक खाचराला थांबून विचारायचे, "ह्ये कुनाचं?" सांगता नाही आलं तर तुझी गाडी इथून जाणार नाही. विलायती इंजिन असो, नाहीतर बापाचे दहा ट्रक असोत.

खोपोलीचा एक दांडगा ट्रकवाला पहिल्यांदा बांधावर आला तो पांढरे बूट घालून. लोक हसायला लागले. दादा हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या वहाणा काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि आपण अनवाणी चिखलात उतरले. तो गडी पुढे मोठ्या फेरीत आला आणि वहाणांची गोष्ट स्वतःच सांगत सुटायचा.

आता वालाचं सांगायला हवं. आमच्याकडे भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. शर्यतीच्या दिवसांत काही खाचरांत तो शेंगांवर आलेला असायचा. म्हणून भोंग्यावरून दर वर्षी ओरडून सांगितलं जाई, "वालात चाक गेलं तर गाडी बाद!" लहान आणि मधल्या फेरीला हा नेम अगदी काटेकोर. दादांनी वालाच्या एका वेलासाठी गाड्या बाद केलेल्या मी पाहिल्यात.

पण मोठ्या फेरीत एक जागा अशी होती, की तिथे हा नेम कुणीच पाळायचं नाही. पलीकडच्या चढावरून गाड्या भरधाव उतरायच्या आणि ओहोळाच्या काठाला वळायच्या. वळणाच्या आतल्या अंगाला दादांचं स्वतःचं खाचर, त्यात वाल. बाहेरच्या अंगाला ओहोळाची खोल दरड. वाल वाचवायचा तर चाक दरडीच्या ओठावरून न्यावं लागे. म्हणून सगळे सरळ वालाचा कोपरा तुडवूनच वळायचे. प्रेक्षकांना त्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. तिथे मी माझ्या पेटीसकट आणि झेंडा घेऊन दादा, दोघेच. गाडीचा आवाज आला की दादा पाठ फिरवून बिडी पेटवायला लागायचे. गाडी कोपरा तुडवून पुढे गेली की वळून झेंडा दाखवायचे. पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने म्हटलं, "दादा, वालातून गेला तो." ते म्हणाले, "कोन? मी तं बिडी पेटवीत होतो."

संध्याकाळी मोठ्या फेरीचे सगळे गडी नारळ घेऊन दादांच्या दारात. चांगुणावयनी, म्हणजे दादांच्या बायको, त्यांची वाटच बघत असायच्या. "मेल्यांनो, गाड्या हायेत का रेडे? वर्साचा वाल खाल्लात माजा!" गडी खाली मान घालून ऐकायचे. मग वयनी तोच तुडवलेला वाल उपटून आणायच्या, शेंगा मडक्यात भरायच्या, वर भांबुर्डीचा पाला कोंबायच्या, आणि मडकं उपडं ठेवून वर जाळ घालून पोपटी लावायच्या. शिव्या खाल्लेल्यांनीच ती पोपटी संपवायची. एकदा पेरणीच्या वेळी मी सहज तिथून जात होतो. वयनी त्या कोपऱ्यात बी टाकत होत्या. हात भरून दोन मुठी जास्त टाकल्या. मी विचारलं, "इथं एवढं दाट?" तर म्हणाल्या, "त्या गाड्यांच्या वाट्याच्या. मेले येनारच हायेत." हे सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं, की कुणी कधी कुणाला ते सांगितलं नाही.

ऐंशीच्या आसपास कर्जतच्या बाजूला मुंबईची माणसं जमिनी घ्यायला लागली. त्यातच राजन आला. वडील मुंबईत मोठे बिल्डर. नदीकाठी जागा घेऊन त्यांनी बंगला बांधला आणि मुलगा शनिवार-रविवार तिथे राहायला लागला. पंचविशीचा असेल. गाडी अशी, की आमच्या लोकांनी नुसते टायर बघायला गर्दी केली. आमच्या गाड्यांना दोऱ्यांनी बांधलेले बंपर आणि याच्या गाडीला पुढे दिव्यांची रांग. पण गडी वाईट नव्हता. मान खाली घालून "काका, नमस्कार" म्हणायचा. चहा बशीत ओतून प्यायला शिकला. आणि चालवायचाही छान, हे मला गाडीतलं काही कळत नसूनही कळायचं. पहिल्याच वर्षी मधली फेरी त्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी बांधावर तो नाही आला. त्याने बंगल्यावरची चार माणसं पाठवली. दादांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. संध्याकाळी राजन धावत आला. "काका, माझी माणसं का परत पाठवलीत? चांगली कामाची आहेत."

"हायेत ना," दादा म्हणाले. "पन गाडी त्यांनी चालवली नाय."

पुढच्या वर्षी राजन स्वतः आला. दिवसभर फावडं मारलं. तळहाताला फोड येऊन फुटले, ते मीच बांधले. मी म्हटलं, "घरी जा आता." तर म्हणाला, "दादा बघतायत ना?" तेव्हापासून तो त्यांना काका म्हणायचं सोडून सगळ्यांसारखा दादा म्हणायला लागला. त्यानंतर दर आठवड्याला यायचा. कुठलं खाचर कुणाचं, कुणाच्या वाटण्या झाल्या, कुणाची कोर्टात आहेत, सगळं पाठ केलं त्याने. गावातल्या पोरांना सांगता आलं नसतं इतकं. चांगुणावयनी त्याला भाकरी करून घालायच्या आणि पाठीमागे म्हणायच्या, "आई नाय वाटतं तिथं कुनी बगाया."

त्याच्या पुढच्या वर्षीही त्याने बांध घातला. चौथ्या वर्षी त्याने मोठ्या फेरीला नाव द्यायचं म्हटलं आणि गावात ठिणगी पडली. दादांच्या ओटीवर बैठक झाली. मी पेटीचं काय ते ठरवायला गेलो होतो आणि तिथेच अडकलो. राजनने बांध घातले होते दोनच वर्षं. काही जण म्हणाले, घ्या की, गडी चांगला आहे, यंदा शर्यतीचा मांडव त्यानेच घातलाय. यावर गोविंद उठला. गोविंद दादांचा भाचा. बाप लहानपणी गेला, दादांनीच वाढवलेला, आणि मोठ्या फेरीतला पहिल्या नंबरचा गडी. तो म्हणाला, "आज ह्यो आला. उद्या ह्याचे दोस्त येतील, अशाच गाड्या घिऊन. त्यांच्यापुढं आमची खटारी कुठं पुरी पडतील? मंग मोटी फेरी त्यांची, आनि आमी काय, बांध घालायचे?"

हे बोलणं खोटं नव्हतं. मलाही मनातून ते पटलं, मोटारीत बसून उलटी होणाऱ्या माणसाला जितकं पटायचं तितकं.

राजन पायरीशी उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "गोविंददादा, गाडी बदलायला सांगा, मी तुमच्यासारखी जुनी जीप घेऊन येतो. नेम असेल तर मी आणखी एक वर्ष थांबतो. पण दादा, एकच विचारतो. गेल्या दोन वर्षांत गोविंददादा बांधावर कधी आले होते?"

गोविंद आला नव्हता. साजगावला कारखान्यात लागल्यापासून त्याची पाळी असायची, नाहीतर त्याने असं सांगितलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, दादांनाही. त्यांनी मान तिरकी केली, आपण नीट ऐकलं नाही अशी. पण तो कान चांगला होता.

शेवटी ते म्हणाले, "पोरगा खरं बोलला." मग गोविंदकडे बघितलं. गोविंदची मान खाली. आता दादा त्याला बाद करणार असं मला वाटलं. त्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं, मी पाहिलं. आतून वयनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दादा म्हणाले, "मंग दोगंबी पळा." आणि उठून आत गेले.

राजनचं तोंड असं उजळलं, की मला त्याचं हसू आलं. एवढ्या बंगल्याच्या, गाड्यांच्या मालकाला आमच्या चिखलातल्या फेरीत नाव लागलं म्हणून काय तो आनंद! जाताना पायऱ्यांवरून दोन वेळा वळून "थँक्यू" म्हणाला. ओटीवर त्याला उत्तर द्यायला कुणीच नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, "हो हो."

आदल्या दिवशी दादांनी सगळ्यांना पायी फिरवलं. मीही गेलो होतो, पेटी ठेवायची जागा बघायला. राजनने एकेका खाचराचं नाव न अडखळता सांगितलं. शेवटी ओहोळाच्या वळणावर आलो. "ह्ये कुनाचं?" राजन म्हणाला, "तुमचंच की, दादा." मग दादांनी दर वर्षी म्हणायचे तेच म्हटलं, "वालात चाक गेलं तर गाडी बाद." नेहमीचे पाच जण ते ऐकून दर वर्षी हसायचे, तसेच गालातल्या गालात हसले. राजन हसला नाही. त्याने मान डोलावली, दरडीच्या कडेला जाऊन उभा राहिला, खाली वाकून बघितलं, आणि हाताची वीत करून काठाची रुंदी मोजली. मी हे पाहिलं. दादांनीही पाहिलं. माझ्या मनात काहीच आलं नाही. बंगल्यातला मुलगा, सगळंच मोजून बघतो, एवढंच वाटलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघे वळणावर उभे होतो. वाल दाट आला होता, खाली शेंगा लोंबत होत्या. पहिली गाडी गोविंदची. दादांनी पाठ फिरवून बिडी काढली. गोविंद कोपरा तुडवत गेला. दादा वळले, झेंडा दाखवला. पुन्हा आवाज आला. हा आवाज वेगळा होता, घोगरा नव्हे, एकसारखा. राजनची गाडी उताराला लागली. दादांनी पाठ फिरवली.

मी बघत होतो. गाडी सरळ वालाकडे येत होती, आणि ऐन वेळी तिने वालाकडून तोंड फिरवलं. बाहेर, दरडीकडे. पुढची चाकं ओठावर अगदी नीट बसली. खरंच सांगतो, इतकं नीट चालवलेलं मी पाहिलं नाही. मागच्या चाकाखालची माती सुटली. गाडी एका कुशीवर झाली आणि दरडीखाली गेली. आवाज आला तेव्हा दादांनी वळून बघितलं. हातात पेटलेली काडी तशीच होती.

आम्ही दोघे खाली उतरलो. तो गाडीखाली होता, छातीपर्यंत. शुद्धीवर होता. तोंडाला रक्त होतं. मी पेटी उघडली आणि उघडल्यावर तिच्यातलं काहीच उपयोगाचं नाही हे कळलं. दादा त्याच्या डोक्याशी ओहोळाच्या पाण्यात गुडघ्यांवर बसले. त्याने त्यांना ओळखलं. म्हणाला, "दादा, वालात गेलो नाही हं मी." मग थोडा श्वास घेऊन, "मला बाद करू नका."

दादा म्हणाले, "नाय रं. नाय करत." तेच ते म्हणत राहिले. लोक आले, गाडी उचलली, खोपोलीला नेईपर्यंत तो गेला. दादा शेजारी बसून होते, आणि त्यांचा उजवा पाय सगळ्या रस्त्याला मोकळा पडलेला होता. माझंच लक्ष त्याकडे का गेलं, देव जाणे.

राजनचे वडील दुसऱ्या दिवशी आले. थकलेला, नीटनेटका माणूस. आरडाओरडा नाही, काही नाही. वळणावर जाऊन त्यांनी खाली बघितलं आणि दादांना विचारलं, "त्याला चालवता येत नव्हतं का? मला खरं सांगा. लोक म्हणतात, ही शर्यत त्याच्यासारख्यांची नव्हती."

दादा म्हणाले, "शेठ, सगळ्यांत नेमानं तुमच्या पोरानं चालवली."

"मग असं कसं झालं?"

कोपऱ्यात गोविंदच्या गाडीने तुडवलेला वाल तसाच पडलेला होता. त्या वर्षी पोपटी कोण लावणार होतं? त्या माणसाला त्यातलं काही समजण्यासारखं नव्हतं. वडील थोडा वेळ थांबून गाडीत जाऊन बसले. पुढे तो बंगला त्यांनी विकला असं कळलं.

शर्यत त्या वर्षीच बंद झाली. गोविंदने जीप विकली. पुढे त्या बाजूच्या जमिनी एकेक करून गेल्या, कुंपणं आली, आणि कुणाचं खाचर कुठलं हे विचारण्यात अर्थ उरला नाही. दादांनी आपली विकली नाही, पण "कुनाचं?" हे विचारायचं त्यांनी सोडलं. वयनी सांगायच्या, गाई शेतात शिरल्या तरी नुसतं "बरं" म्हणतात.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. वयनींच्या दम्याचं औषध पोचवायचं निमित्त असायचं. दादा ओटीवर बसून असायचे. एकदा आपणहून म्हणाले, "कंपाउंडर, त्या दिवशी गोविंदाला काडला असता ना, तर त्याच नेमानं राजनबी घरी बसला असता. रुसून का व्हईना, जित्ता बसला असता." मी म्हटलं, "दादा, तुम्ही न्यायच केलात." ते म्हणाले, "न्याय कसला रं? भाच्याला काडवंना, म्हनून त्याला घेतला. आनि घेतला तं घेतला, मंग आपला समजून सांगाया नको? तीन वर्सं त्याला नेम शिकवला मी. नेम मोडायचा कुठं, त्ये कुनी सांगायचं?" ते सांगणं माझंही होतं की काय, असा विचार मनात आला आणि मी वयनींच्या औषधाच्या वेळा सांगायला लागलो.

आणखी एकदा, उन्हाळ्यातल्या दुपारी, ते हलक्या आवाजात म्हणाले, "त्यो अजून वळन घेतोय. माज्या ह्या कानात येतं." त्यांनी बोट लावलं तो कान इंजिनाने घालवलेला, ऐकू न येणारा होता. मी चहा न घेताच निघालो.

कोपरा चार-पाच वर्षं ओसाड होता. मग एका वर्षी दादांनी हट्ट धरला, वाल पेर म्हणून. वयनींना वाटलं, चला, म्हातारा माणसात येतोय. पेरताना ते शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "दोन मुठी जास्ती टाक." वयनी तिथेच खाली बसून रडल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पण वाल त्यांनी पेरला, दोन मुठी जास्त टाकून.

त्याच माघात मी सायकलवरून गावाकडे जात होतो. उन्हं उतरायला आली होती. ओहोळाच्या बाजूने ओरडण्याचा आवाज आला म्हणून मी सायकल लावली आणि बांधावरून थोडा पुढे गेलो. दादा वळणावर उभे होते, शेंगांवर आलेल्या वालात. तोंड उताराकडे, पाठ अजिबात वळवलेली नाही. दोन्ही हात वर करून, घसा फुटेल अशा आवाजात ओरडत होते, "सरळ ये रं! वालातनं ये! तुडव, राजन, तुडव! कोन बाद करीत नाय तुला!"

उतारावर कुणी नव्हतं.

दादा घाईने एका बाजूला सरकले, येणाऱ्या गाडीला वाट करून दिल्यासारखे, आणि मान हळूहळू फिरवत तिच्यामागे गावापर्यंत बघत राहिले. मग त्यांनी खाली बघितलं. वाकून एका वेलाला हात लावला, दुसऱ्याला लावला, वेड्यासारखे सगळा कोपरा चाचपत गेले. वाल तसाच उभा होता.